उघड्या तोंडाचा लांडगा

आमच्या भामेला एक वाईट खोड आहे. सासू सांगते ते ऐकून घेते, मान डोलावते आणि तिला करायचं तेच करते. उलट बोलली असती तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ही बोलतच नाही.

तिला एवढंच म्हटलं होतं, की लेकराच्या झोळीवर टांगायला काहीतरी शिव. राघू शिव, मोर शिव, मेंढरू शिव. तिनं लांडगा शिवला. आणि त्याचं तोंड उघडं ठेवलं.

मेंढरांवर जगलेलं आमचं घर. पाटाचं पाणी आलं तशी गावाकडची, कन्हेरीची जमीन बागायत झाली, थोरला लेक तिकडं वांगी-मिरची बघतो आणि बारामतीच्या बाजारात नेतो. धाकटा बिरू, त्याची बायको भामा आणि मी, आम्ही मात्र उन्हाळाभर मेंढरांमागं इंदापूरकडच्या कळसच्या माळावर असतो. छत्तीस सालीही तिथंच होतो, तेव्हाची ही गोष्ट. त्या माळावर लांडग्याचं नाव कुणी घेत नाही. नुसतं 'जनावर' म्हणायचं. आणि ही बया त्यालाच तान्ह्या पोरीच्या डोक्यावर टांगते.

तेही हिनं. हिची पहिली लेक, रतन, आदल्या उन्हाळ्यात याच माळावरनं जनावरानं नेली, भर दिवसा. भामा घागर टाकून मागं पळाली, पार ओढ्यापर्यंत. डावा कान फाटका होता त्याचा, एवढंच तिनं सांगितलं. पोरीच्या पायातला एक वाळा वाटेत सापडला, दुसरा नाही. त्या दिवशी भामा रडली ती रडली. पुन्हा तिच्या डोळ्यांत कुणी पाणी बघितलं नाही. मग ही दुसरी झाली. नजर लागू नये म्हणून मी नाव ठेवलं दगडा. हिला तरी माळावरनं जितीजागती घरी न्यायची, बाकी मला काही नको होतं.

कामाबद्दल मात्र मी खोटं बोलणार नाही. मी कुणाला उगाच चांगलं म्हणत नाही, हे आमच्या भावकीत सगळे जाणतात.

लांडग्यासाठी लागणारं जाड कापड, बुरणूस, तिनं घरच्याच लोकरीचं केलं. लोकर पिंजून अंथरली, कढत पाणी शिंपडलं, गुंडाळी करून पायानं लाटत राहिली. विणायचं काही नाहीच यात. लोकर दाटून अशी एकजीव झाली, की कातर लावली तरी केस सुटेना. मग गूळ बांधून आलेल्या कागदावर कोळशानं कापायचा नमुना काढला. कुणाचं बघून नाही. डोळे मिटायची, बोटानं हवेत रेघ ओढायची, मग कागदावर. पाठीचा बाक, पोटाची पट्टी, मागच्या पायाचा मोडलेला कोन. मी जन्म माळावर काढलाय, मला त्यात चूक सापडेना. शिवण उलट्या अंगानं घातली, सुलट करून आत लोकर ठासली. टाके इतके बारीक, की बोट फिरवलं तरी लागू नयेत. डोळ्यांना गुंजा. डावा कान कातरून फाटका केला. तोंडात तिच्या लग्नातल्या तांबड्या खणाचा तुकडा.

"तोंड शिव त्याचं," मी म्हटलं.

"व्हय, आत्याबाई."

"कवा?"

"त्याच्याकडनं एक वस्तू यायची हाय. आली की शिवते."

"म्हायेरी मोरगावला ह्येच शिकवलं का तुला? लोकरीच्या बाहुल्याकडं उसनवारी?"

बिरू फिदकन हसला. भामा हसली नाही.

मी भुताखेतांना भिणारी बाई नव्हे. जे दिसलं तेवढंच सांगते.

आधी कुसळं. एका सकाळी बघते तर लांडग्याच्या पोटाला गवताची कुसळं अडकलेली. वाऱ्यानं आली असतील म्हणून मी वेचून टाकली. मग त्याच्या चारी पायांना तांबूस माती, तीही ओली. माळावर तेव्हा ओल होती ती फक्त ओढ्याच्या डबक्याला. मी माती पदरानं पुसली आणि कुणाला बोलले नाही.

मग आमचे कुत्रे. दांडगे, चिडके, बिरूचंसुद्धा न ऐकणारे. ते झोळीखाली येऊन पोट टेकून बसायला लागले, शेपूट आत घेऊन.

शेजारी कुंडलिकाचा तळ होता. त्याची कोकरं जात होती. आमच्या वाघरीतलं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीतलं, एकही गेलं नाही. तो एकदा येऊन उभा राहिला.

"काकी, नवा कुत्रा आणला व्हय?"

"न्हाय बाबा. हायेत त्ये दोनच."

"तिसरा हाय. राखी रंगाचा. पहाटंचा तुमच्या वाघरीभवती फिरतोय. कान फाटका हाय त्याचा."

"कुत्राच हुता का?"

"कुत्राच म्हना, काकी," तो म्हणाला आणि झोळीवरच्या लांडग्याकडं न बघता निघून गेला.

कातरणीचा दिवस होता. गडीमाणसं मेंढरं आणि कुत्रे घेऊन ओढ्यापलीकडं. भामा पाण्याला गेलेली. बाभळीखाली मी एकटी, झोळीची दोरी ओढत. पानही हलत नव्हतं.

मेंढरांचा आवाज एकदम थांबला.

समोर जनावर उभं होतं. खरंखुरं, हाडामासाचं, उन्हात. डावा कान फाटका.

काठी लांब होती. मी झोळीवर आडवी झाले.

ते माझ्याकडं बघत नव्हतं. झोळीकडंही नाही. झोळीच्या वर बघत होतं.

मग त्यानं कान पाडले. पोट मातीला टेकवलं, पिल्लू टेकवतं तसं. तसंच मागं सरकलं आणि तरवडाच्या झुडपांत पळालं.

मी वर बघितलं.

दोरा होता. हलत होता. दोऱ्याला काही नव्हतं.

तरवडात हाड मोडल्याचा आवाज आला. मग चावल्याचा. तो बराच वेळ येत राहिला.

दगडा झोपेत हसली.

भामेच्या पायांचा आवाज आला म्हणून मी मान वळवली. परत बघते तर लांडगा आपल्या जागी.

भामेनं घागर उतरवली. त्याच्या तोंडात बोट घातलं आणि चांदीचा वाळा काढला. काळा पडलेला, ओला. कमरेच्या पिशवीतला दुसरा काढून शेजारी धरला. जोडी जमली. तेव्हा कुठं ती रडली.

डोळे पुसून तिनं सुईत तांबडा दोरा ओवला. "शिवते आता, आत्याबाई. तुमीच म्हनत हुता."

मी लांडग्याच्या पोटाला हात लावला. तिनं ठासलं होतं त्याच्या दुप्पट भरलं होतं. जिवंत अंगासारखं गरम लागत होतं हाताला. एक टाका उसवला नव्हता.

मी तिचा हात धरला.

"भामे, असा हात ह्या माळावर दुसऱ्या कुनाचा न्हाय, ह्ये मी चारचौघांत बोलंन. पर तोंड शिवू नगंस. त्याला आता चव लागलीया. उपाशी ठिवलंस, तर त्याच्याखाली कोन निजलंय त्ये बघ."