निरोप दोनदा वाचला जाईल

सेइनीचं लग्न ठरलं.

शनिवारी दुपारी, माशांच्या भावांनंतर आणि मयतांच्या निरोपांआधी, तसं रेडिओवर जाहीरच झालं. अख्ख्या टोंगाने ऐकलं. आणि लगेच, ऐकणाऱ्यांनी उचललेला घास तोंडात जायच्या आत, त्याच रेडिओने दुसऱ्या आवाजात सांगितलं की असं काही जाहीर झालेलंच नाही. आता रेडिओच म्हणतो म्हटल्यावर नसेल झालं. तेव्हा सेइनीचं कुणाशीही काहीही ठरलेलं नाही असं धरून आपण सुरुवातीपासून सुरुवात करू. म्हणजे पावसापासून. म्हणजे खरं तर पावसाच्याही आधी, समुद्राखालची तार तुटली तिथपासून.

तार तुटली आणि देशाचं इंटरनेट गेलं. कुणी म्हणे जहाजाचा नांगर अडकला, कुणी म्हणे शार्कने चावा घेतला. शार्कची बाजू कुणी विचारली नाही. बेटाबेटांमधले फोनही गेले. दुरुस्तीचं जहाज निघालंय, असं सरकार रोज सांगे. कुठून निघालंय ते सांगत नसे.

सेइनी राजधानीतल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचं नुकसान जरा नाजूक होतं. ‘तंत्रज्ञान, माध्यमं आणि आधुनिक समाज’ या विषयावर तिने भलामोठा निबंध लिहिला होता. इंटरनेटपायी माणसं एकमेकांना कशी परकी झाली, हे त्यात पानंच्या पानं सिद्ध केलं होतं. हा निबंध तिने इंटरनेटवर ठेवला होता.

आधी ती हळहळली. मग तिला वाटलं, उलट बरंच झालं की. मोबाइल गप्प झालेत, आता माणसं एकमेकांकडे बघतील, बोलतील, मनं मोकळी करतील. आपण नुसतं जाऊन बघायचं आणि नव्याने लिहायचं. सगळ्यात जास्त माणसं सापडणार होती रेडिओ केंद्रासमोर. दुसऱ्या बेटावर निरोप धाडायचा तर आता तोच एक मार्ग उरला होता. निरोप कागदावर लिहून द्यायचा, निवेदक तो वाचणार – लिहिलाय तसाच, आणि नियमाप्रमाणे दोनदा.

रांग थेट मासळीबाजारापर्यंत गेली होती. सेइनी शेवटी उभी राहिली. माणसं खरोखरच एकमेकांकडे बघत होती. बघतच होती. पुढची एक बाई सेइनीकडे वळून इतका वेळ बघत राहिली की सेइनीने मुकाट्याने बंद मोबाइल काढला आणि त्यात तोंड घातलं.

तेवढ्यात पाऊस आला. तिरपा, खारट, वाऱ्यावर उड्या मारत आलेला. आणि पाठोपाठ सेइनीच्या डोक्यावर एक हिरवं छप्पर आलं – अळूचं पान, चांगलं छत्रीएवढं. पानाचा देठ एका मुलाच्या हातात होता. पांढरा सदरा, कमरेला गुंडाळलेली चटई, जसा काही चर्चलाच निघालाय. आणि भुवयांवरून ओघळणारं पाणी.

“बंद मोबाइलमध्ये काय वाचतेस?”

“जुनं काहीतरी.”

“काय लिहिलंय?”

“अनोळखी मुलांशी बोलू नये.”

“मी अनोळखी कुठला? रोज सकाळी तुमच्या घरात बोलतो की. कालच नाही का सांगितलं तुला, हापाईची बोट उशिरा सुटेल म्हणून?”

आवाज तिने ओळखला… आणि कारण नसताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या. रेडिओवरचा केलेपी तो. केंद्रात कामालाच निघाला होता, पण रांगेतल्या बायका मध्ये घुसू देत नव्हत्या, निवेदकालासुद्धा. त्यामुळे सकाळचे निरोप हल्ली बरेच उशिरा सुरू व्हायचे. रेडिओवर कुणाला दिसत नाही, मग चटई कशाला बांधतोस, असं सेइनीने विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला की आपण मयतांचे निरोप वाचतो, आणि गेलेल्या माणसाला काय दिसतं नि काय नाही, याबद्दल अजून कुणी खात्रीने सांगितलेलं नाही.

ती हसली. पान हललं. पानावर साठलेलं सगळं पाणी पुढच्या बाईच्या मानेत गेलं. आणि ती बाई शेवटी बोलली, पण ते निबंधात घालण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर सेइनी रोज निरीक्षणाला जाऊ लागली. निरीक्षण करायचं तर माणसं पुष्कळ हवीत हे तिला ठाऊक होतं. पण सुरुवात एकापासून करायला काय हरकत आहे? ती केंद्राच्या खिडकीखाली भिंतीला टेकून बसे. आत केलेपी हरवलेल्या डुकरांचे, धाडलेल्या बोचक्यांचे, रुसलेल्या सुनांचे निरोप वाचे. मध्येच बँडची तबकडी लावून खिडकीत येई, आणि दोघं गरम केके खात. तुमच्याकडच्या गुलगुल्यांची ती बहीणच, फक्त जास्त फुगलेली. तो हात लांबवून केके देई तेव्हा बोटांना बोटं लागत… आणि दोघंही समुद्राकडे बघत, जसं काही तिकडेच काहीतरी झालंय.

तुझ्या निबंधात काय आहे, असं त्याने एकदा विचारलं. तिने सांगितलं की यंत्रं मध्ये आली म्हणून माणसं खरं बोलेनाशी झाली. तो विचारात पडला. मग म्हणाला की त्याचा अनुभव उलटा आहे, माइकसमोर तो वाटेल ते बोलू शकतो, पण माइक काढून घेतला की जीभ टाळ्याला चिकटते.

“आत्ता तर बोलतोयस.”

“आत्ता मी फक्त बडबडतोय. बोलायचं ते निराळंच आहे.”

“काय?”

त्याने तोंड उघडलं, मिटलं, केकेचा तुकडा मोडला. आणि विषय बदलायचा म्हणून त्याने जो विषय काढला, त्याच्याइतका वाईट विषय टोंगाच्या राज्यात दुसरा नसेल. म्हणाला, “हे केके माझ्या पणजीच्या हातच्यासारखेच झालेत. लोफांगाची होती ती.”

सेइनीचा घास तोंडातच राहिला. तिची पणजीसुद्धा लोफांगाची. आणि लोफांगा म्हणजे हापाईतलं एवढंसं बेट. तिथे कुणी शिंकलं तर सगळी भावकी रुमाल देते. पणजी एक निघाली तर केलेपी तिचा भाऊ. आमच्याकडे मावस, आते, चुलत असली पळवाट नाही. भाऊ तो भाऊ, सख्ख्याइतकाच. आणि मोठ्या झालेल्या बहीणभावांनी एका खोलीत बसायचं नाही, एकत्र सिनेमा बघायचा नाही, एकमेकांसमोर प्रेमाचा प सुद्धा काढायचा नाही. सेइनीचा सख्खा भाऊ सेमिसीदादा, टीव्हीवर नायकाने नायिकेचा नुसता हात धरला तरी उठून अंगणात जाई. शेजाऱ्यांना अंगणाकडे बघून मालिका कुठवर आली ते कळे.

केलेपी पांढरा पडला. त्याला सांगावं लागलं नाही. तो हळूच दोन पावलं मागे सरला आणि खिडकीकडे पाठ करून उभा राहिला.

“हे काय?”

“भाऊ निघालो तर? आत्तापर्यंत बघितलं ते अजाणतेपणी. यापुढे बघितलं तर जाणूनबुजून.”

“आणि नाही निघालास तर?”

पाठीने बराच वेळ विचार केला. “तर हे दिवस फुकट गेल्याचं मला फार दुःख होईल.”

म्हणून मग दोघं पाठीला पाठ लावल्यासारखे बोलू लागले. तो भिंतीच्या आत, ती बाहेर, तोंडं विरुद्ध दिशांना. तशानेही काही कमी झालं नाही. उलट… वाढलंच.

खरं काय ते सांगू शकणारं एकच माणूस होतं. सेइनीचे आईवडील ऑकलंडला कामाला, तिथे फोन लागत नव्हता. सेमिसीदादाला विचारायची सोय नव्हती. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो अंगणात गेला असता. राहिली मेलेनाइते आत्या. आमच्याकडे आत्या ही घरातली राणी. भावाच्या पोरांचं काय करायचं ते ती ठरवते, आणि सात पिढ्यांची सोयरीक तिच्या जिभेवर असते. पण आत्या राहायची वावाऊला, मध्ये सगळा समुद्र, आणि तिच्यापर्यंत पोचायचा मार्ग एकच. रेडिओ.

सेइनीने निरोप लिहिला. केलेपीचं नाव घातलं नाही, सांकेतिक भाषा वापरली. ती भाषा फोडणं कुणाला जमणार नाही याची तिला खात्री होती. दुपारचे निरोप म्हातारे होसेआकाका वाचतात, केलेपी त्या वेळी नसतो, हेही तिने बघून ठेवलं होतं. कागद खिडकीतून आत सरकवून तिने घरची बस धरली. सेमिसीदादा त्याच बसमध्ये पुढे बसला होता. होसेआकाका त्या दुपारी एका मयताला गेले होते.

बसमधला रेडिओ मोठ्याने चालू होता. केलेपीचा आवाज आला, नेहमीचा, इस्त्री केलेला.

“निरोप वावाऊच्या मेलेनाइते यांना, राजधानीतल्या सेइनीकडून. आत्या, लोफांगाच्या पणजीची एखादी मुलगी फोलाहा गावात दिली होती का? तिथला एक मुलगा आहे. तो आपल्यातला निघू नये म्हणून मी प्रार्थना करते आहे. लवकर कळव, मला…” आवाज थांबला. बसचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. “…मला आता मागे फिरता येणार नाही.”

सगळी बस वळून सेइनीकडे बघू लागली. सेमिसीदादा उठला आणि चालत्या बसमधून उतरला. गाव अजून पुष्कळ लांब होतं.

निरोप एकदा वाचून झाला होता. फोलाहाचा केलेपी काही क्षण फक्त श्वास घेत होता, आणि तो श्वास साऱ्या बेटांवर ऐकू जात होता. मग त्याने नियमाप्रमाणे तो निरोप पुन्हा वाचला. पण आता आवाजाची इस्त्री मोडली होती. एकेक शब्द तो असा उचलत होता, जसं घरट्यातून पडलेलं पिल्लू उचलावं. शेवटचं वाक्य त्याने जवळजवळ कुजबुजून म्हटलं. सेइनी खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसली.

ड्रायव्हरने बस कडेला घेतली. “मुलगा करतो काय पण?” त्याने विचारलं.

“हाच वाचतोय,” सेइनी म्हणाली. बस पुढे बराच वेळ सुरू झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळा देश कामाला लागला. एका कोळ्याने कळवलं की मुलगी फोलाहाला दिली होती, त्याच्या आजोबांनी वरातीत भाजलेलं डुक्कर खाल्लं होतं. एका विधवेने कळवलं की कोळ्याचे आजोबा कुठल्याही वरातीत खात. सेइनीने निबंधात नवीन वाक्य लिहिलं: समाजमाध्यमाला इंटरनेट लागत नाही, एक रेडिओ आणि एक बस पुरते. पण जेवण जात नव्हतं. प्रत्येक निरोपाला वाटे, गेला… आता गेला हातातून.

शनिवारी वावाऊहून बोटीबरोबर आत्याचा कागद आला. तो होसेआकाकांच्या हाती पडला.

“सेइनीला सांगा,” काका वाचू लागले, “फोलाहाला दिली ती पणजीची मुलगी नव्हे, शेजारीण. सगळे तिला लाडाने मुलगी म्हणत, आणि त्या कोळ्याने गप्प बसावं. पोरगा आपल्यातला नाही. त्याला सांगा, वळून बघायला हरकत नाही.”

काकांनी नियमाप्रमाणे तो दोनदा वाचला. मग स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी त्याचा अर्थ लावला: म्हणजे लग्न ठरलं, सर्वांचं अभिनंदन. पाठोपाठ खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि धापा टाकणारा केलेपी.

“असं काही जाहीर झालेलं नाही,” तो म्हणाला. “त्या मुलीला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारायला मी आता जातोय. तोपर्यंत बँड ऐका.”

सेइनी तेव्हा समुद्राच्या बांधावर मैत्रिणीच्या रेडिओपाशी बसली होती. ती उठून उभी राहिली. तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. तो दुरून येताना दिसला, जवळजवळ पळत, कमरेची चटई एका हाताने सावरत. त्याच्यामागे मासळीबाजार होता. बस होती. गावची डुकरंही होती, त्यांना कार्यक्रम काय आहे ते ठाऊक नसावं. सेमिसीदादासुद्धा आला होता, आणि रीतसर पाठ करून उभा होता.

केलेपी तिच्यासमोर थांबला. कितीतरी दिवसांनी त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. गर्दी गोल करून उभी राहिली, शेकडो डोळे, एक नजर हलेना. त्याने घसा खाकरला. काही आलं नाही. पुन्हा खाकरला.

आणि तेव्हा तार जुळली.

आधी एक मोबाइल वाजला. मग दहा, मग सगळे, खिशात, पिशवीत, टोपलीत, जसा बंदरावर गारांचा पाऊस पडावा. इतक्या दिवसांचे तुंबलेले निरोप एकदम आले. गर्दीने एकसाथ माना खाली घातल्या. भोवती माणसं खचाखच होती, आणि कुणीही तिथे नव्हतं.

सेइनीच्या खिशातही तिचा निबंध परत येऊन थरथरत होता. तिने हात घातला नाही.

“माइक नाहीये,” केलेपी पुटपुटला.

“नको. बोल तू. कुणी ऐकत नाहीये.”

“तू… मला… म्हणजे मी हे कधी कुणाला…” त्याने डोळे मिटले, उघडले. “सेइनी, माझ्याशी लग्न करशील?”

“करीन,” ती म्हणाली. इतक्या हळू, की ते तिच्याशिवाय आणि त्याच्याशिवाय आजवर कुणी ऐकलेलं नाही.

निबंध तिने त्याच आठवड्यात दिला. ‘मोबाइलमुळे माणसं एकटी पडतात’ हे वाक्य तिने तसंच ठेवलं, फक्त पुढे जोडलं: ‘कधीकधी दोघं मिळून.’ आणि शेवटचा परिच्छेद सरकारसाठी राखून ठेवला.

‘सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती की समुद्राखालील तार दर वर्षी एकदा तोडण्यात यावी, आणि कोणीही मुलगा कोणत्याही मुलीसमोर उभा राहून दुसऱ्यांदा घसा खाकरेल त्या क्षणी, पूर्वसूचना न देता, पुन्हा जोडण्यात यावी. त्या क्षणाची माहिती काढण्याची व्यवस्था खात्याने स्वतः करावी. विलंब झाल्यास मुलगा खाकरतच राहील आणि त्याची सर्वस्वी जबाबदारी खात्यावर राहील, याची कृपया नोंद घ्यावी.’