कोपऱ्यातल्या केबिनची जुनी लाइन

विश्वास ठेवा, नका ठेवू... पण हे खरंच घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत.

तो वायरमन. घरात सगळे त्याला दादा म्हणतात. त्याच्याबरोबर काम करतो त्याचा धाकटा भाऊ, बारक्या. नाव बारक्या, पण दारातून वाकून यावं लागतं. तोंडाचा पट्टा अखंड चालू. मावशी वैतागून म्हणायची, "याला झोपेत तरी कुणी गप्प बसवा रे!"

रविवारची भर दुपार होती. एका ऑफिसचं नूतनीकरण चाललं होतं. रंग नवा, टेबलं नवी... तारा मात्र जुन्याच.

"धडधाकट आहेत की! नवा प्रिंटर त्यांच्यावरच घ्या," मालकांनी बजावलं होतं.

कुठला स्विच कुठल्या खोलीचा, याची बोर्डावर खूण नव्हती. मग यांची नेहमीची पद्धत. एकाने बोर्डापाशी एकेक स्विच पाडायचा, दुसऱ्याने खोलीत दिवा लावून बसायचं आणि ओरडून सांगायचं.

दादाने एक पाडला. "लाइन बंद झाली?"

"नाही!"

दुसरा पाडला. "आता?"

कोपऱ्यातल्या केबिनमधून बारक्याचा आवाज आला... "झाली!"

आणि तेवढ्यात जिन्यातून बारक्या वर आला. हातात पाण्याची बाटली.

दादा बोर्डापासून वळला. "तू आत होतास ना?"

"कधीच खाली गेलो होतो. का रे?"

"मग 'झाली' कोण म्हणालं?"

"दादा, भर दुपारी भुतं? चेष्टा पुरे!" हसत हसत तो केबिनमध्ये गेला. दादाने बंद केली म्हणजे बंद, हा त्याचा लहानपणापासूनचा विश्वास.

"आधी टेस्टर लाव!" दादा ओरडला.

"लावला! बंद आहे!"

दादाचा जीव भांड्यात पडला.

मग शांतता. बारक्या आणि शांतता?

दादाने सहज खिशात हात घातला...

दोघांत मिळून एकच टेस्टर, आणि तो दादाच्याच खिशात होता.

तो धावला. बारक्या भिंतीशी उभा. हात तारेला चिकटलेला. डोळे दादावर. तोंड उघडं... आवाज नाही.

दादाने उलट पावली धावत जाऊन मेन स्विच पाडला. सगळा मजला बंद पडला.

तरी बारक्याचा हात सुटेना.

शेवटी लाकडी फळीने ढकलून त्याला सोडवलं. दादाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बारक्याचे ओठ मिटलेले होते. आणि भिंतीच्या आतून... बारक्या बोलला.

"दादा, मला बाहेर काढ ना."

बारक्या वाचला. जेवतो, फिरतो. पण त्या दिवसापासून अक्षर बोललेला नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. मावशी रोज त्याच्यापुढे ताट ठेवते आणि विनवते, "एकदा तरी आई म्हण रे." दादा जेवण टाकून उठतो. तिला तो काय सांगणार?

काहीतरी निमित्त काढून तो त्या ऑफिसात जातो. भिंतीला कान लावतो. आवाज अजून येतो... पण दर वेळी थोडा आणखी लांबून.

आता मालकांना उपरती झालीये. जुन्या तारा उपटून सगळ्या नव्या टाकायच्या म्हणतात. काम दादालाच देऊ केलंय.

"तार काढली तर त्याचा आवाज घरी येईल, की तारेबरोबर कायमचा जाईल?" त्याने परवा मला विचारलं.

दादा नाही म्हणाला, तर मालक दुसरा वायरमन आणतील. सोमवारी भिंत फोडायला घेणार आहेत.