कुटलेला कंद आणि लांबलेला घास

"काय कुटताय हो तुम्ही वर?"

दारात पांढरा कोट घातलेला एक वैतागलेला माणूस उभा होता. खालच्या मजल्यावरच्या रसायनशाळेतला.

"कंद," मी हातातला दगड खाली ठेवला.

"माझा तराजू फुंकरीनेसुद्धा हलतो. तुमच्या प्रत्येक घावाला तो उडी मारतोय!"

"मग दुपारी वजनं करू नका."

"वा! म्हणजे चोर तो चोर..." पुढचं बोलायचं तो विसरला. त्याची नजर टेबलावरच्या तारांवर गेली होती. "हे कशासाठी?"

मी सांगितलं. चूल पेटण्याच्या कितीतरी आधी आपल्या पूर्वजांच्या हातात दगड आला. पुढे त्यांचे दात आणि जबडे लहान होत गेले. माझं म्हणणं होतं, कंद कुटून खाल्ल्यावर जबड्याचे कष्ट हातांनी उचलले. ते मोजायला गालांवर या तारा जोडलेल्या पट्ट्या चिकटवायच्या आणि चावताना स्नायू किती राबतात ते बघायचं. पण कच्चा कंद खायला माणसं मिळत नव्हती. एका विद्यार्थ्याच्या पोटात तर खाण्याआधीच दुखायला लागलं! अजून एक माणूस हवा होता. पुढच्या सोमवारपर्यंत अहवाल पूर्ण झाला नाही तर ही खोली दुसऱ्या प्रकल्पाला जाणार, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.

"म्हणजे मी खाल्लं की कुटणं थांबेल?"

"कायमचं."

"लावा पट्ट्या."

तो रोज दुपारी येऊ लागला. आधी अख्खा तुकडा, मग कुटलेला, मग सुट्टी. मी समोर बसून पडद्यावरची स्नायूंची रेघ बघायची... म्हणजे, बहुतेक वेळ रेघच.

"असं टक लावून बघितल्यावर पूर्वजांना घास गिळवत असेल?"

"मी जबडा बघतेय."

"कसा आहे?"

"मजबूत," मी म्हणाले, आणि नीट असलेल्या तारा पुन्हा नीट केल्या.

शुक्रवारी सगळे आकडे मांडले आणि पुन्हा एकदा तपासले. बाकी सगळ्यांना कुटलेला कंद सोपा गेला होता. याला मात्र तोच चावायला जास्त वेळ लागत होता!

"एवढा एक माणूस गाळून टाक," सर म्हणाले.

"न पटणारा आकडा गाळला, तर उरलेल्यांवर कोणी का विश्वास ठेवावा?"

मी तडक खाली गेले. "खरं सांगा. मऊ घास इतका का चघळता तुम्ही?"

त्याने तराजूचं झाकण लावलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तो संपला की तुम्ही पट्ट्या काढता... आणि मला जावं लागतं."

मला हसू यायला हवं होतं. आधी राग आला. "माझी इतक्या दिवसांची मेहनत आहे ती!"

"चुकलो. सगळं पुन्हा खातो. पण तुम्ही समोर नको."

शनिवारी माझ्या जागी ताई बसली. माझी थोरली बहीण शाळेत गणित शिकवते आणि तिच्यापुढे वर्गच काय, आमचे भाऊजीही चूं करत नाहीत. मी दाराबाहेर उभी राहिले.

"चावा. गप्पा नकोत," आतून ताईचा आवाज आला.

"हो, ताई."

"मी तुमची ताई कधीपासून?"

त्यावर नुसतं कचाकचा चावणं.

रविवारी एकटीने सगळं पुन्हा मांडलं. आता त्याचे आकडे बाकीच्यांसारखेच निघाले. आधीची नोंद का बाद केली, तेही मी अहवालात लिहिलं: 'व्यक्ती मुद्दाम सावकाश चावत होती.' कारण विचारलं तर तेही सांगायची माझी तयारी होती. सोमवारी सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सही केली. खोली माझ्याकडेच राहिली.

संध्याकाळी तो इमारतीच्या पायऱ्यांवर थांबलेला दिसला.

"राहिली खोली?"

"राहिली."

"मग... आता माझं काम संपलं."

"संपलं," मी म्हणाले. "जेवायला चल. आज शिजवलेलं. आणि मी समोरच बसणार आहे... हवा तेवढा वेळ लाव."