पांढऱ्या गाडीचा पोचा

उस्ताद सिदिकला पोलिसांनी नेऊन तास झाला नव्हता, तोच इसाबेक आपली पांढरी गाडी मागायला दुकानाच्या दारात हजर झाला.

बिश्केकच्या त्या बाजारात रंगाला धक्का न लावता पोचे काढावेत ते सिदिकनंच. पत्र्याच्या मागून सळई घालून तो असा रेटा देई, की पोचा कुठे होता ते मालकालाही सापडू नये. आता त्याच्यावर आळ होता, की बुधवारी संध्याकाळी त्यानं इसाबेकची गाडी बाहेर काढली आणि नान विकणाऱ्या बाईला उडवलं. बाई इस्पितळात बेशुद्ध होती. इसाबेक म्हणे, गाडी बुधवारी दुपारीच दुकानात सोडली. सिदिक म्हणे, आज शुक्रवारी सकाळी आली. या धंद्यात गाडी शब्दावर ठेवतात, पावती कुणाकडेच नव्हती.

"मोठा पोचा काढ आणि गाडी दे," इसाबेकनं बर्मेतला फर्मावलं.

बर्मेत बारा वर्षं सिदिकच्या हाताखाली शिकलेली. तिनं किल्ली खिशात टाकली. "नाही देत. कप्तानाला बोलवा."

कप्तान नूरदीन समोरच्याच चौकीतून वैतागत आला. फोटो काढून झालेत, उगाच अडवू नकोस, असं त्यानं दरडावून पाहिलं. बर्मेत हलली नाही. तिनं दार लोटलं आणि बारीक पोचेही उठून दिसावेत म्हणून बॉनेटवर पट्ट्यापट्ट्यांच्या उजेडाचा दिवा लावला. मध्ये परातीएवढा पोचा होता. त्याच्या आत आणि भोवती बारके पोचे.

"हे बारके कसले?" तिनं इसाबेकला विचारलं.

"गारांचे. मे महिन्यात सगळ्या शहराला झोडपलं, तेव्हाचे."

"म्हणजे धडकेच्या आधीचे?"

"आधीचेच."

"खोटं," बर्मेत म्हणाली. "नानच्या कच्च्या पोळीवर नक्षीचा ठसा मारून मग ती ताणली, तर ठसा लांबट होतो. धडकेनं पत्राही ताणला गेलाय. गारा आधीच्या असत्या, तर मोठ्या पोच्यातले हे सात लांबट झाले असते. बघा कप्तानसाहेब, सातही गोल आहेत. आधी बाई आपटली, मग गारा पडल्या. बुधवारनंतर गारा पडल्या त्या फक्त काल."

"काल तुमच्याच अंगणात गारांत सापडली असेल गाडी," कप्तान म्हणाला.

"तुमची गाडी काल दिवसभर चौकीसमोर उघड्यावर होती. मेमधले पोचे उस्तादांनीच काढून दिले होते, आता तिच्यावर एक पोचा दाखवा."

कप्तान बाहेर गेला, टपावरून हात फिरवून परत आला. टप गुळगुळीत होता.

"काल गारा फक्त वर, डोंगराकडच्या बागांत पडल्या," बर्मेत म्हणाली. "तिथे सफरचंदांची बाग कुणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे याच्याच पाहुणचाराचं मटण खाल्लंय तुम्ही. धडक देऊन यानं गाडी बागेत लपवली. गारा पडल्यावर याला वाटलं, गारपिटीच्या गाड्यांत हीही खपून जाईल. रंग तसाच राहील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. पण पोचा काढण्याआधीच तुम्ही आलात, तेव्हा यानं उस्तादांना पुढे केलं."

इसाबेकचा चेहरा उतरला. "ती एकदम आडवी आली," तो पुटपुटला.

कप्तानानं त्याला बाकावर बसवलं आणि सिदिकला सोडायला सांगण्यासाठी फोन काढला.

"फोन नको," बर्मेत म्हणाली. "भर बाजारातून बेड्या घालून नेलंत त्यांना. आता तुम्ही स्वतः जा, आणि भर बाजारातून हाताला धरून आणा."

कप्तानानं तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनंही नजर हटवली नाही. शेवटी त्यानं शिपायाला इसाबेकपाशी उभं केलं, टोपी काढून काखेत धरली आणि रस्ता ओलांडायला निघाला.