बाहीवरचे तेवीस बाण

“तेवीस?”

मी डोळे उघडले. शेजारच्या चटईवरचा तो माझ्या बाहीकडे बघत होता.

मी शर्टांच्या कारखान्यात चेकर. टाका सुटलेला दिसला की तिथे लाल बाणाचा स्टिकर लावायचा, हे माझं काम. ध्यानाच्या वर्गातही तीच खोड... मन भरकटलं की बाहीवर एक बाण.

“तेवीस वेळा चुकले,” मी पुटपुटले. “आपल्याला नाही जमायचं हे.”

“म्हणजे तेवीस वेळा परत आलात की. मी एकदाच गेलो — थेट झोपेत.”

हसू दाबायला मी खोकले. शिकवणाऱ्या बाईंनी एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं.

तो रफूवाला. कोपऱ्यावरच त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान. दर रविवारी वर्ग सुटला की मी तिथे टेकू लागले. फाटक्या कडेचे विस्कटलेले धागे तो आधी ओल्या बोटाने हळूच बसवायचा, मग सुई उचलायचा.

“कापडावर चिडून रफू होत नाही,” तो म्हणायचा.

मी त्याचं रफू शोधून दाखवायचे. “हे काय, इथे.”

“फार दुष्ट आहात तुम्ही,” म्हणत तो पुढचा कोट माझ्यासमोर धरायचा.

सातव्या रविवारी त्याने सुई खाली ठेवली. “पुढच्या वेळी वर्ग संपेल. त्यानंतरही याल?... कायमचं विचारतोय.”

मी हातातला कोट खाली ठेवला. “दोन वर्षांपूर्वी माझं ठरलेलं लग्न मोडलं. रिजेक्टच्या ढिगातला माल आहे मी.”

तो म्हणाला, “दुसऱ्या कुणाला तुम्ही असं म्हणाला असतात?”

मी पर्स उचलून उठले.

बुधवारी कारखान्यात नवीन मुलीने कॉलर उलटी शिवली आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. “अगं, उसवू आणि परत शिवू. एका कॉलरीने तू वाईट ठरतेस होय?”

बोलले तिला... ऐकलं मात्र मीच. दोन वर्षांत स्वतःशी एकदाही मी या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी घरी जाताना उगाचच गुणगुणत होते.

शेवटच्या रविवारी मन पुन्हा उंडारलं, बहुतेक वेळा शेजारच्या चटईवरच. दर वेळी मी मनाला लाडाने परत आणलं.

बाहेर पडताना त्याने माझी बाही पाहिली. कोरी.

“आज किती?”

“मोजलंच नाही.”

“आणि... माझं उत्तर?”

मी पर्समधून एक बाण काढून त्याच्या खिशावर चिकटवला.

“आता माझ्यात काय दोष काढलात?”

“दोष नाही. पण बाण लागलेला माल माझ्याच टेबलावर परत येतो. नियम आहे.”

तो बाणाकडे बघतच राहिला. कान लाल झाले होते त्याचे.

“संध्याकाळी या,” मी म्हटलं. “आईला सांगून ठेवलंय.”