चार शहरांचा प्लग

इंजिनिअरसाहेब दारातून आत आले ते थेट खुर्चीवर कोसळलेच. सकाळचे आठ वाजले होते. अंगात समारंभाचा कडक इस्त्रीचा शर्ट होता, पण चेहरा पार उतरला होता.

"बाई, घात झाला. आमची चार्जिंगची केबल कुणीतरी कापली."

बाई पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत आणि आता खाजगी तपासाची कामं घेत. साहेब त्यांचेच जुने विद्यार्थी. पलीकडे पेपर वाचत बसले होते ते दादा, बाईंचे थोरले भाऊ. बत्तीस वर्षं डिझेलची बस चालवून ते निवृत्त झाले होते. बहिणीच्या प्रत्येक तपासात ते बरोबर जात, आणि दर वेळी त्यांचा संशय भलत्याच माणसावर जाई. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे.

"कधी कापली?" बाईंनी विचारलं.

"पहाटे. वॉचमन साडेपाचला दूध आणायला गेला, सहाला परत आला. तेवढ्यात. आणि बारा वाजता बस येतेय!"

कसली बस, हे विचारायची गरज नव्हती. शेजारशेजारच्या चार शहरांनी बॅटरीवरच्या बस घेतल्या, पण चौघांचे प्लग चार तऱ्हांचे. एका शहराची बस दुसऱ्यात गेली की परक्या गोठ्यातल्या बैलासारखी उपाशी उभी राही. साहेबांनी सहा वर्षं चारही शहरांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे सगळे एका प्लगवर आले. आज पहिली बस चारही शहरांतून धावणार होती. निघताना पहिल्या शहरात चार्ज होऊन ती इथे येणार, प्रवासी आत बसलेले असतानाच पुन्हा चार्ज होणार आणि पुढच्या दोन शहरांना जाणार होती.

"पोलिसांत गेलास?"

"गेलो तर तासाभरात चारी शहरांत बोभाटा होईल. बाकीचे तिघे आधीच काठावर उभे आहेत. एक जरी मागे सरला तरी संपलं सगळं."

बाईंनी पर्स उचलली. "दादा, चल."

चार्जिंग स्टेशन बसस्थानकाच्या मागच्या अंगाला होतं. मनगटाएवढी जाड केबल मशीनपासून अधांतरी लोंबत होती. तिच्या टोकाला असायची ती मूठ, जी पेट्रोलच्या नळीसारखी बसमध्ये खुपसतात आणि जिला सगळे 'गन' म्हणत, ती गायब होती. बाजूच्या भिंतीवर टांगलेला कटर मात्र जागच्या जागी होता.

बाईंनी केबलचं टोक उचलून पाहिलं. काप सरळ होता आणि त्याच्यावर काळी टेप घट्ट गुंडाळलेली होती.

"ही टेप तुम्ही लावलीत?"

"नाही. आम्ही कुणीच हात लावलेला नाही."

दादांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांचं लक्ष रस्त्यापलीकडच्या पेट्रोलपंपाकडे होतं. 'पोटावर पाय कुणाच्या येणार, तर त्या पंपमालकाच्या,' त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"सुटी गन आहे का?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे नाही. शेजारच्या शहराकडे एक आहे, केबलसकट. पण ती त्यांची."

"प्लग एकच ना तुमचा? मग मागव की! एवढी सहा वर्षं कशासाठी घालवलीस?"

साहेब ओशाळले. त्यांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, आणतो, दोन तास लागतील.

तिकिटाच्या खोलीत भिंतीवर आकड्यांचं घड्याळ होतं. नऊ वाजून दहा. दादांनी मनगटावरचं पाहिलं. "बरोबर चालतंय."

"दोन दिवसांपूर्वीच लावलंय," साहेब म्हणाले. "मशीनचा आणि या खोलीचा मेन स्विच एकच, तो बंद झाला की घड्याळ शून्यावर येतं, आणि मलाच लावत बसावं लागतं. चार्जिंगचं मशीन मात्र मी फोनवरूनही बंदचालू करू शकतो. हे बघा." त्यांनी बोट फिरवलं आणि खिडकीबाहेर मशीनचा हिरवा दिवा विझला. पुन्हा फिरवलं, पेटला. इतक्या संकटातही त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलंच.

"कालची चाचणी कशी झाली?"

"झाली. पंचवीस मिनिटांचं काम चाळीसवर गेलं. मशीन दोनदा आपोआप थांबलं. नवीन आहे, चालायचंच."

वॉचमन हात जोडूनच आला. "बाई, मी कशाला कापू? मला तर भीती वाटते त्याची. फरशी पुसायची म्हटली तरी आधी मेन खाली ओढतो. परवा ओढला तर साहेब ओरडले, घड्याळ गेलं म्हणून."

मग रस्ता ओलांडून सगळे पंपावर गेले. पंपमालक मिशीतल्या मिशीत हसत होता.

"कापली? वा! खोटं कशाला बोलू, मला काही रडू येत नाही. पण त्या केबलीला हात लावायचा? हत्ती आडवा पडेल एवढा करंट तिच्यात. कापणारा जिवंत राहिलाच कसा?"

बाहेर येताच दादा कुजबुजले, "हाच. हसतोय कसा बघ."

"हसतोय म्हणूनच तो नाही," बाई म्हणाल्या.

शेवटी वायरमनताई राहिल्या. चाळिशीच्या, दंडापर्यंत बाह्या दुमडलेल्या. पूर्वी शिलाई मशीन दुरुस्त करत. तीन वर्षांपूर्वी शिकून या कामावर लागल्या होत्या. स्टेशनचा कोपरा न् कोपरा त्यांच्या हाताखालून गेलेला.

"त्या केबलीत नेहमी करंट असतो?" बाईंनी विचारलं.

"छे! गाडीला लावून मशीनची नि गाडीची ओळख पटल्याशिवाय थेंबभर करंट येत नाही. नुसती लोंबतेय तोवर दोरीच ती."

"हाताला काय झालं?" बाईंनी त्यांच्या तळहाताच्या मधोमध उठलेल्या फोडाकडे बोट दाखवलं.

ताईंनी मूठ मिटली. "तव्याचा चटका."

दादांनी हळहळून मान हलवली.

अकरा वाजता तिकिटाच्या खोलीत सगळे जमले. पंपमालकही उत्सुकतेपोटी आला होता.

"मला पहिला प्रश्न पडला तो टेपचा," बाई म्हणाल्या. "नुकसान करायला आलेला माणूस कापलेल्या टोकाला टेप गुंडाळत बसत नाही, की कटर परत जागेवर टांगत नाही. ओल जाऊ नये, कुणाचा हात लागू नये, एवढी काळजी ज्याला आहे त्याचं या मशीनवर प्रेम आहे."

"प्रेम? आणि कापली?" दादा म्हणाले.

"ऐक तर. हे घड्याळ बघ. बरोबर चालतंय, म्हणजे पहाटे मेन बंद झाला नव्हता. कापणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की केबलीत करंट नाही. वॉचमन फरशीसाठीही मेन ओढतो. पंपमालकांना तर त्यात हत्ती मेलेला दिसतो. ते दोघे सुटले. ही गोष्ट माहीत असलेले दोघंच उरले. साहेब आणि ताई."

साहेब ताडकन उठले. "बाई, मी?"

"बस खाली. तुला मशीन बंद पाडायचं असतं तर घरी बसून फोनवर बोट फिरवलं असतंस. ज्याच्याकडे किल्ली आहे तो कुलूप फोडत नाही."

ताई खाली बघत होत्या.

"आता गन का नेली? नुसती केबल कापली असती तर तासाभरात जोडली असती, त्याच गनसह. ती गन पुन्हा वापरली जाऊ नये, यासाठीच हा सगळा खटाटोप. काल मशीन दोनदा आपोआप थांबलं. मशीन असं थांबतं ते तापल्यावर. आणि ताई, तव्याचा चटका बोटांना बसतो. तळहाताच्या मधोमध बसतो तो मूठ तापली तर."

ताईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली गन काढून टेबलावर ठेवली. तिचं तोंड आतून काळं पडलं होतं.

"साहेबांना काल दोनदा सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "म्हणाले, उद्याचा दिवस जाऊ दे. आतला जोड सैल आहे, बाई. आज चाळीस माणसं बसमध्ये बसलेली असताना ती पेटली असती तर?"

"मग सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?" वॉचमनने विचारलं.

"सांगितलं असतं तर 'यांच्या शहराचं मशीन खराब' असं झालं असतं. चोरी झाली की लोक चोराला शिव्या देतात, शहराला नाही. म्हटलं, नाव जायचंय तर माझं जाऊ दे."

साहेबांनी गन हातात घेतली, काळं तोंड निरखून पाहिलं. "सहा वर्षं मी लोकांना सांगत होतो, एकमेकांवर विश्वास ठेवा," ते म्हणाले. "आणि माझ्याच माणसावर मी नाही ठेवला."

शेजारच्या शहराची मंडळी सव्वाअकराला पोचली. नवी केबल त्यांनी स्वतः खांद्यावरून आणली होती. ताईंनी ती आधी उघडून तपासली, मगच बसवली. गन आणि केबल शेजारच्या शहराची, मशीन या शहराचं. बसलं अगदी मापात.

बारा वाजता बस आली. चारही शहरांचे पदाधिकारी, प्रवासी, बघे, ही गर्दी! साहेबांनी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं. काळी गन उंच धरून त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. आता एकेक शहर उठून निघून जाणार, असं दादांना वाटलं. त्यांनी बहिणीचा हात धरला.

चौथ्या शहराच्या अध्यक्षा उठल्या. "आमची गनही त्याच कारखान्यातली आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कुणी ती उघडून बघितलेली नाही. या ताई आमच्याकडे येतील का?"

"आमच्याकडे आधी," तिसऱ्या शहराचे अध्यक्ष म्हणाले. "आम्ही वाटेत आहोत."

लोक हसले, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

वायरमनताईंना हत्यारांच्या पिशवीसह पुढच्या सीटवर बसवलं. बाई आणि दादा मागे बसले. बस निघाली तेव्हा इंजिनाचा आवाज न आल्यामुळे दादांना क्षणभर चुकल्यासारखं झालं. पण पहिल्याच चढावर गाडीने उचल घेतली आणि त्यांनी आपसूक मान डोलावली.

तिसऱ्या शहरातली गन ठणठणीत निघाली. चौथ्या शहरात ताईंनी गन खोलली. आत तसाच सैल जोड निघाला. भर गर्दीत, दिवसाउजेडी त्यांनी तो बदलला. मग बस जोडली. दहा मिनिटांनी ताईंनी मुठीवर हात ठेवला.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.

गर्दीतल्या एका अनोळखी गृहस्थांनी टाचा उंचावत विचारलं, "कोण हो या बाई?"

दादांनी छाती पुढे काढली. "आमच्या गावच्या आहेत."

"आता आमच्याही," गृहस्थ म्हणाले, आणि आपल्या घरच्यांना पुढे बोलावू लागले.