कृष्णातांनी न आणलेल्या गोळ्या

परवा लाईट गेल्यावर आबांनी अंगणात सांगितलं, तसंच लिहितोय. कोडोलीचे कृष्णात आबांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले.

कृष्णात कोल्हापूरच्या राजारामपुरीत गोळ्या आणायला गेलेले. पुतणीच्या, वर्षाराणीच्या. तिला रक्ताचा कॅन्सर. भावाच्या स्टेम सेल घालून डॉक्टरांनी वाचवलेली. पण लिव्हरमध्ये हेपेटायटिस बीचा जुना विषाणू झोपलेला. तो उठू नये म्हणून रोज एक गोळी. आम्ही सांगेपर्यंत बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

दुकानात नेमके अनुजाला, म्हणजे कृष्णातांच्या पोरीला, बघून गेलेले पावणे उभे. त्यांच्यादेखत त्या गोळीचं नाव घ्यायचं? ह्यांच्या घरात असला रोग हाय म्हणतील. कृष्णातांनी खोकल्याचं औषध घेतलं आणि परत आले. पुन्हा दुकानात ते नाव घ्यायला नको म्हणून घरी सांगितलं, डॉक्टरांनीच गोळ्या बंद केल्या. मोठा माणूस बोलला, उलटून कोण विचारणार? आमच्यातल्या मोठ्यांना आजारापेक्षा आजाराच्या नावाची लाज जास्त.

विषाणू उठला. पोरीचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. गोळ्या कुणी बंद केल्या, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कृष्णात बिल भरायला म्हणून बाहेर निघून गेले. वर्षाराणी गेली. अनुजाचं लग्न ठरलं.

गेल्या मार्गशीर्षातली सोमवती अमावास्या. रात्रीचे साडेअकरा. कृष्णात कोल्हापुरात पत्रिका वाटून मोटरसायकलवरनं परत येत होते. कोडोलीच्या अलीकडं दोन्ही बाजूंनी ऊस. गाडी जड झाली. मागं कुणी बसल्यासारखी.

आरशात मास्क दिसला. दवाखान्यातनं आल्यापासून वर्षाराणी लावायची, तसला.

"काका, गोळ्या मिळाल्या?"

आवाजात राग नव्हता, आबा म्हणाले. घरात विचारायची, तसंच.

कृष्णातांनी गाडीचा वेग वाढवला.

"काका?"

खरं सांगायचं होतं. एवढंच. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. पावणे नव्हते. तोंड उघडलं...

"डॉक्टरांनी बंद केल्यात, बाळ."



गाडी हलकी झाली.

 अंगणात माझ्याशेजारी बसलेल्या वरदनं विचारलं, "मेलेल्या पोरीला तरी खरं सांगायचं की, आबा?"

 आबा खालच्या आवाजात म्हणाले, सकाळी कृष्णातच्या बायकोनं शर्ट धुवायला घेतला. पाठीवर दोन पंजे. पिवळे. लग्नाचं घर, हळद लागली असंल म्हणून तिनं साबण घासला.

साबणानं हळद लाल होते.

ते पंजे पिवळेच राहिले.